आलेख कोणाचा, प्रश्न कोणाचा?

सोशल मीडियावर आपलं काय चाललं आणि काय पडलं, हे आता कोणाला विचारावं लागत नाही. ॲपच सांगतं, तेही रंगीत आलेख काढून. या आठवड्यात किती जणांपर्यंत पोचलात, कोणती पोस्ट वर गेली, कोणती खाली राहिली, फॉलोअर्सची रेघ कुठे चालली आहे, सगळं मोबाईलवर हजर. घरगुती फराळ विकणाऱ्या काकूंपासून होमस्टे चालवणाऱ्या कुटुंबापर्यंत, आणि कॉलेज फेस्टच्या प्रसिद्धी समितीपासून आपल्या वाङ्मय मंडळापर्यंत, सगळे याच आलेखांकडे बघून निर्णय घेतात. चारोळीचा खांब उंच दिसला की पुढच्या आठवड्यात तीन चारोळ्या. कथेचा खांब बुटका दिसला की कथा बंद.

माझं म्हणणं सरळ आहे. आलेखाशिवाय ऑनलाइन मार्केटिंग समजत नाही, हे खरंच आहे. पण ॲप जो आलेख दाखवतं, तो ॲपला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर असतो. आपला प्रश्न बहुतेक वेळा वेगळा असतो. म्हणून समोर आलेला आलेख तपासून वाचायला शिकलं पाहिजे, आणि आपल्याला ज्याची खरी काळजी आहे त्याचा आलेख आपल्याच हाताने काढला पाहिजे. साहित्याच्या अंकात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपलं लिखाण आज ज्या रस्त्याने वाचकाकडे जातं तो हाच रस्ता आहे, आणि आपण काय लिहायचं हेसुद्धा आता हळूहळू तोच ठरवायला लागला आहे.

आधी आलेखाची बाजू. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेघा काढून दाखवले. एक रेघ आयातीची, एक निर्यातीची. दोन्हींच्या मधली जागा बघितली की त्या देशाशी चाललेला व्यापार कुठल्या बाजूला झुकला आहे हे पानभर आकडे न वाचता कळायचं. त्याच पुस्तकात एक छान गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. वर्षांची मालिकाच नाही तर रेघ कशी काढणार? म्हणून तिथे त्याने खांब काढले. यातून आपण एवढं तरी घ्यावं की रेघ आणि खांब हे काही सजावटीचे दोन नमुने नाहीत. काळाबरोबर काय बदललं हे रेघ सांगते. एकाच वेळी कोण मोठं आणि कोण लहान हे खांब सांगतात. पोस्टर करताना 'कुठला छान दिसतो' म्हणून आपण चार्ट निवडतो, तिथेच पहिली गडबड होते.

सरासरीवर का थांबू नये, हे फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं. त्याने आकड्यांचे चार संच मांडले. चारहींची सरासरी जवळजवळ सारखी, आकड्यांमधलं नातं दाखवणारं गणितही सारखं. पण कागदावर ठिपके मांडले की चार वेगवेगळी चित्रं. एकात ठिपके साधारण सरळ रेषेत, एकात कमान, आणि बाकीच्या दोनांत एकच ठिपका सगळ्या हिशेबाला आपल्याकडे ओढतोय. 'आपल्या पोस्टला सरासरी ५० लाइक येतात' या वाक्यामागेही असंच काहीतरी लपलेलं असू शकतं. दहापैकी नऊ पोस्टना पंधरा-वीस लाइक, आणि एका पोस्टमध्ये कोणा लोकप्रिय सिनिअरचा फोटो, म्हणून तिला साडेतीनशे! सरासरी ५० च्या आसपास येईल, पण ५० लाइक मिळालेली पोस्ट एकही नसेल. ठिपके मांडले असते तर हे क्षणात दिसलं असतं.

म्हणजे आलेख हवाच. आता तो कसा फसवतो ते पाहू.

सगळ्यात भोळा वाटणारा आलेख म्हणजे एकूण फॉलोअर्सचा. ही रेघ जवळजवळ नेहमीच वर जाते. आपलं वयही नेहमी वरच जातं, म्हणून कोणी आपलं अभिनंदन करत नाही. एकूण बेरजेची रेघ चढताना पाहून खूश होण्याऐवजी दर महिन्याला नवे किती आले आणि सोडून किती गेले, याचे खांब काढावेत. मग पहिल्यांदाच समजतं की जूनमध्ये नव्या वर्गाने फॉलो केलं आणि पुढे आठ महिने काहीच घडलं नाही.

दुसरी युक्ती जुनी आहे. डॅरल हफ या लेखकाने १९५४ साली संख्याशास्त्रातल्या लबाड्यांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात ती सापडते. खांबाचा पाया शून्याऐवजी मधूनच कुठूनतरी सुरू करायचा. मागच्या महिन्यात ४९० आणि या महिन्यात ५१० लोक आले असतील, तर फरक फक्त २० चा. पण पाया ४८० वर ठेवला की एक खांब १० चा आणि दुसरा ३० चा दिसतो. तिप्पट वाढ! जाहिरात एजन्सीचं सादरीकरण असो की निवडणुकीच्या काळात फिरणारा चार्ट, आधी नजर डाव्या कोपऱ्यात तळाशी न्यावी. तिथे शून्य आहे का?

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण ती चित्रात दिसतच नाही. ती मोजण्याच्या व्याख्येत असते. फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ बघतात हा आकडा ते सुमारे दोन वर्षं फुगवून दाखवत होते. चूक काय होती? एकूण बघितलेल्या वेळेला सगळ्या प्रेक्षकांनी भागायच्या ऐवजी, ज्यांनी तीन सेकंद किंवा जास्त बघितलं फक्त त्यांच्याच संख्येने भागलं जात होतं. छोटं उदाहरण घेऊ. समजा दहा जणांसमोर व्हिडिओ सुरू झाला. सात जणांनी दोन-दोन सेकंद बघून पुढे सरकवला, तिघांनी वीस-वीस सेकंद बघितला. एकूण वेळ ७४ सेकंद. दहाने भागलं तर सरासरी ७.४ सेकंद. तिघांनीच भागलं तर जवळजवळ २५ सेकंद! दहापैकी एकानेही २५ सेकंद बघितलेलं नाही, तरी आलेखात खांब २५ चा. जाहिरातदारांनी अशा आकड्यांवर विसंबून पैसे घातले होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये चार कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

प्रत्येक वेळी चूकच असते असं नाही. कधी व्याख्याच बदलते. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यू मोजण्याची पद्धत बदलली. आता शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा लागला की व्ह्यू धरला जातो, किती वेळ बघितला याची किमान अट नाही. हे कंपनीने जाहीरपणे सांगितलं होतं, लपवलं काहीच नाही. पण ज्याने ती सूचना वाचली नाही त्याच्या आलेखात त्या एप्रिलमध्ये व्ह्यू वाढलेले दिसले असतील आणि त्याला वाटलं असेल की आपण एकदम लोकप्रिय झालो. प्रेक्षक तेवढेच होते, फक्त मोजायचं माप बदललं होतं. बाजारात पायली बदलली तर आपण लगेच विचारतो, मग इथे का विचारू नये? कुठलाही आलेख समोर आला की पहिला प्रश्न हा: इथे 'एक' म्हणजे नेमकं काय मोजलं?

ॲपच्या आलेखांबरोबरच मार्केटिंग शिकवणारे तयार तक्तेही आपल्याकडे खूप फिरतात. २००८ मध्ये ब्रायन सोलिस आणि जेसथ्री या डिझाइन संस्थेने सोशल मीडियाचं एक फुलासारखं चित्र काढलं होतं. प्रत्येक पाकळी म्हणजे एक प्रकार: फोटो, व्हिडिओ, ब्लॉग, गप्पा, आणि त्यात त्या त्या संकेतस्थळांची नावं. ते गाजलं, आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. एवढा मोठा पसारा एका नजरेत आणणं ही मोठी गोष्ट होती. पण असं चित्र म्हणजे पेठेतल्या दुकानांचा नकाशा. गिऱ्हाईक कुठून येतं आणि कुठून परत फिरतं, ते त्यात नाही. आणि दुकानंही कायमची नसतात. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये. २९ जून २०२० ला भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. ज्यांनी सगळी मेहनत तिथे घातली होती त्यांची वर चढणारी रेघ एका रात्रीत तुटली. तो आलेख त्यांचा नव्हताच, भाड्याच्या भिंतीवर काढलेला होता.

दुसरं प्रसिद्ध चित्र नरसाळ्याचं. कॉमर्सच्या मुलांना ते पाठ असतं: वर लक्ष वेधणं, मग रस, मग इच्छा, आणि तळाशी खरेदी. या पायऱ्यांचं श्रेय एलियास सेंट एल्मो लुईस या अमेरिकन जाहिराततज्ज्ञाला देतात, म्हणजे कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची. पायऱ्या उपयोगी आहेत, पण नरसाळ्याचं चित्र मला पटत नाही. घरातलं नरसाळं आठवा. वरून जेवढं तेल ओताल तेवढं खाली बाटलीत जातं. थोडा वेळ लागेल, पण सांडत नाही. मार्केटिंगमध्ये तर बहुतेक सगळं वाटेतच सांडतं! वरून हजार जण दिसतात आणि खाली सात पोचतात. मधले नऊशे त्र्याण्णव कुठे गेले, हाच खरा प्रश्न, आणि गुळगुळीत नरसाळं नेमका तोच झाकतं.

याहून चांगलं चित्र दीडशे वर्षांपूर्वीच काढून झालं आहे, आणि त्याचा मार्केटिंगशी काही संबंध नाही. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचा नकाशा काढला. सैन्याची वाट म्हणजे एक पट्टा, आणि पट्ट्याची रुंदी म्हणजे जिवंत माणसं. निघताना ४,२२,००० माणसांचा जाड पट्टा, मॉस्कोला पोचेपर्यंत १,००,००० चा, आणि परतताना काळी रेघ बारीक होत होत शेवटी १०,००० ची. बेरेझिना नदी ओलांडताना पट्टा ५०,००० वरून एकदम २८,००० वर येतो. शब्द वाचायच्या आधीच डोळा त्या जागी थबकतो. किती उरले यापेक्षा कुठे गेले, हे त्या चित्राने दाखवलं.

आपल्या मातीतली तुलना हवी असेल तर कुळागरातला पाट घ्या. झऱ्याचं पाणी पाटाने पोफळींपर्यंत जातं. शेवटच्या पोफळीला पाणी पोचत नसेल तर कुळागरवाला झऱ्यापाशी बसून 'आज किती पाणी सुटलं' याची बढाई मारत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो, कुठे खेकड्याने भोक पाडलंय, कुठे पानं अडकलीत, ते बघतो. ॲप आपल्याला झऱ्यापाशी बसवून ठेवतं, कारण जास्त पाणी सोडण्याचे पैसे त्याला मिळतात. 'ही पोस्ट बूस्ट करा' असं सुचवणारं बटण तिथेच असतं. पाटाला भोक असताना बूस्टला पाचशे रुपये घातले तर भोकातून पाचशे रुपयांचं जास्त पाणी जाईल, एवढंच.

मिनारच्या नकाशात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. परतीच्या वाटेच्या खाली त्याने थंडीची रेघ काढली: कुठल्या तारखेला तापमान शून्याच्या किती खाली. माणसं कमी होतात, आणि खाली त्याच जागी पारा उतरलेला दिसतो. ॲपच्या आलेखात ही खालची रेघ कधीच नसते. त्याला बाहेरच्या जगातलं काही माहीत नसतं.

गोव्यात तर या रेघेशिवाय कुठलाच आलेख वाचता येणार नाही. होमस्टेच्या पेजवर जून ते सप्टेंबर चौकशा कमी होतात. कारण फोटो वाईट नसतात, बाहेर पाऊस असतो. चवथीच्या आधी नेवऱ्या आणि लाडवांच्या ऑर्डर वाढतात. त्याच आठवड्यात जाहिरात केलेली असेल तर श्रेय जाहिरातीला जातं, पण चवथ काही जाहिरातीमुळे येत नाही. या चवथीची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या चवथीशी करायची. मंडळाचंही तसंच. परीक्षेच्या दिवसांत कथा कोणी वाचली नाही म्हणून कथाच लोकांना नको, असं म्हणणं म्हणजे जुलैमध्ये किनारा रिकामा बघून गोव्यात पर्यटक येत नाहीत असं म्हणण्यासारखं आहे. आलेखाखाली एक साधी पट्टी काढावी: पाऊस, परीक्षा, चवथ, दिवाळी, नाताळची सुट्टी, फेस्ट. निम्मे चढउतार तिथेच उलगडतात.

आता कामाचं बोलू. आपल्या मंडळाने या वर्षी एक मोठा चार्ट पेपर घ्यावा आणि सूचना फलकाशेजारी लावावा, असं मी सुचवतो. प्रत्येक अंकासाठी, किंवा प्रत्येक मोठ्या लेखासाठी, त्यावर एक पट्टा काढायचा. पहिला टप्पा: लिंक किती जणांना पाठवली. दुसरा: किती जणांनी उघडली. तिसरा: शेवटपर्यंत किती जणांनी वाचलं. चौथा: त्यातून काय झालं, म्हणजे कोणी पत्र लिहिलं, कोणी चर्चेला आलं, कोणी स्वतःचं लिखाण दिलं. पहिले दोन आकडे मोबाईल देईल. तिसऱ्यासाठी लेखाच्या शेवटी एक छोटा प्रश्न ठेवायचा, ज्याचं उत्तर शेवटचा परिच्छेद वाचल्याशिवाय देता येणार नाही. चौथ्यासाठी हजेरीची वही पुरते. नावं लावायची नाहीत, फक्त संख्या.

शेजारी दुसरा, खांबांचा चार्ट. आलेल्यांना विचारायचं: तुम्हाला कसं कळलं? इन्स्टाग्रामवरून, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, फलकावरून, मॅडमनी वर्गात सांगितलं म्हणून, की मैत्रिणीने ओढून आणलं म्हणून? माझा अंदाज असा की शेवटच्या दोन खांबांकडे पाहून आपल्या प्रसिद्धी समितीला विचार करावा लागेल. पण अंदाज तो अंदाजच. म्हणून तर मोजायचं.

एक पथ्य मात्र पाळायचं. आपण तीस-चाळीस माणसं. एवढ्याशा संख्येत टक्केवारी आणि गोल पाय चार्ट काढू नयेत. तिघांपैकी दोघांना कविता आवडली की '६६ टक्के वाचकांची पसंती' असं छापता येतं, आणि ते खोटं नसूनही खोटंच असतं. तिथे तीन ठिपके काढावेत, दोन रंगवावेत. वाचणारा स्वतः समजून घेईल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे: साहित्य असं मोजायचं का? माझंही उत्तर नाही असंच आहे. कुठली कविता चांगली हे कुठलाच खांब सांगणार नाही, आणि तो सांगतोय असं वाटायला लागलं की आपण खांबासाठी लिहायला लागतो. एखादं माप हेच ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही, हा विचार चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. लाइक हे ध्येय झालं की लाइक मिळवणारं लिखाण वाढतं, वाचण्यासारखं वाढेलच असं नाही. म्हणूनच तर चार्ट आपला हवा. चांगलं काय ते संपादक मंडळाने वाचून ठरवावं. ते वाचकापर्यंत पोचताना पाट कुठे गळतो, एवढंच चार्टला विचारावं. दोन्ही प्रश्न एकाच खांबाला विचारले की कथा बंद पडते.

आपल्याच भूमीतलं एक उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्याजोगं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं आणि त्याच शतकात पुन्हाही छापलं गेलं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाताशी नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांमुळे, म्हणजे कोणीतरी बसून ओवी ओवी उतरवून घेतल्यामुळे. छापलेल्या प्रतींचा खांब कितीही उंच काढला असता, तरी पुस्तक टिकवणारी ती मोजकी माणसं त्यात दिसली नसती. आपल्या चार्टवरचा चौथा टप्पा अशाच माणसांसाठी आहे. तो पट्टा बारीकच असणार, दोन-तीन माणसांचा. त्याची लाज वाटण्याचं कारण नाही, पण तो दर अंकाला कुठे आणि का बारीक होतो हे माहीत असलं पाहिजे.

चार्ट पेपर, स्केच पेन आणि एक वही, खर्च फार नाही. पुढच्या अंकापासून सुरुवात करता येईल. आणि कुठे कॉमर्सचा विद्यार्थी, कुठे साहित्याची विद्यार्थिनी असं न करता दोघांनी मिळून तो काढावा. एकाला मोजता येतं, दुसरीला 'नेमकं काय मोजलंत?' असं विचारायची सवय असते. ऑनलाइन बाजार समजायला या दोन्ही गोष्टी लागतात.